खालचा आकडा

जावई बोट घेणार हे कळलं तेव्हा मी घाबरलो, पण पाण्याला नव्हे. बुडण्याची भीती प्रत्येकाला असतेच, त्यासाठी माझ्यासारख्या जाणत्याची गरज नाही. मला धडकी भरली ती बोट पाण्यापर्यंत ओढून न्यायच्या विचाराने. मी तीस वर्षं वजनकाट्यावर बसतोय. खडीच्या खाणीच्या फाटकाशी माझी केबिन आहे. खिडकीसमोर जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, त्यावर ट्रक चढला की माझ्या टेबलावर आकडा उमटतो. जड वस्तू उतारावर काय करते हे ड्रायव्हर मला येऊन सांगतात. काही जण सांगायला परत येत नाहीत.

जावई तसा गुणी माणूस. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. दिवसभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस मी सांगितलेलं मात्र डोळे मिटून खरं मानायचा. कुठल्याही गोष्टीवर ‘बाबा सांगतील ते’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

बोटवाल्याच्या आवारात आम्ही चौघं गेलो, जावई, लेक, आमची ही आणि मी. ट्रेलरवर चढवलेल्या बोटी ओळीने उभ्या होत्या. जावयाला हवी होती बाऊरायडर, म्हणजे पुढच्या टोकालाही बसायला गाद्या असलेली मोटरबोट. अठरा फुटी होती, वीस फुटी होती. ही शिडीवरून दोन्हींत चढली आणि दोन्हींच्या पुढच्या गादीवर बसून आली. अठरा फुटीत म्हणे समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. वीस फुटीत पाय सोडून बसता येतं.

“तुला काय, दिवाणखाना हवाय का पाण्यात?” मी म्हटलं.

“मिळत असेल तर का नको?” ती म्हणाली, आणि परत वीस फुटीत जाऊन बसली.

घोडं अडलं ते गाडीवर. अठरा फुटी घेतली तर घरची गाडी ती सहज ओढणार होती. घरच्या गाडीची ओढायची मर्यादा दीड हजार किलो, पुस्तकात छापलेली. वीस फुटी त्या मर्यादेत बसली नाही तर गॅरेजवाल्याची जुनी डिझेल जीप घ्यावी लागणार. ती अडीच हजार ओढते. पण मोठी बोट आणि जीप दोन्ही एकदम घेणं जावयाला झेपणारं नव्हतं. म्हणजे सगळं येऊन ठेपलं वीस फुटीच्या वजनावर. बोटवाल्याने छापील कागद पुढे केला. त्यावर होतं अकराशे ऐंशी.

मी तो कागद दोन बोटांत धरला. “हे वजन उपाशीपोटी केलेलं दिसतंय,” मी म्हटलं. “यात पेट्रोल नाही, बॅटरी नाही, नांगर नाही. आणि ट्रेलर? तो काय स्वतःच्या पायांनी चालत येणार आहे? ट्रेलर धरला पाहिजे.”

सगळे ऐकत होते. जावयाने मान डोलावली. माझं नाक आणखी वर गेलं.

“माझ्या काट्यावर आणा,” मी बोटवाल्याला सांगितलं. “आणि दोनदा आणायचं. आधी रिकामा ट्रेलर, मग बोटीसकट.”

“रिकामा कशाला?” तो वैतागला. “भरलेला एकदा मोजला की झालं ना!”

“आमच्याकडे अशीच पद्धत आहे.”

खरंच तशीच आहे. ट्रक आधी रिकामा मोजायचा, मग भरलेला. मशीन दोन्ही आकडे लक्षात ठेवतं आणि चिठ्ठीवर तीन ओळी छापतं. वर भरलेलं वजन, मध्ये रिकामं, आणि सगळ्यात खाली वजाबाकी करून नुसता माल. घेणाऱ्याला मालाशीच काम असतं. म्हणून खालचा आकडा लाल पेनाने गोल करून चिठ्ठी हातात द्यायची. असे गोल मी किती केले असतील देव जाणे. बोटवाल्याचं म्हणणं बरोबर होतं. रिकामा ट्रेलर मोजायची काही एक गरज नव्हती. पण मला माझी पद्धत दाखवायची होती.

तो सकाळी रिकामा ट्रेलर घेऊन आला, दुपारी बोट चढवून आला. मधल्या वेळात पस्तीस-चाळीस ट्रक गेले. दुपारी मी त्याची गाडी सोडवून बाजूला काढायला लावली. बोट चढवलेला ट्रेलर एकटाच काट्यावर उभा राहिला. चिठ्ठी बाहेर आली. मी खालचा आकडा गोल केला आणि मोठ्याने वाचला, “तेराशे ऐंशी! बघा, कागदावर अकराशे ऐंशी. दोनशेचा फरक निघाला की नाही?”

“म्हणजे दीड हजाराच्या आत,” जावई म्हणाला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“आत. वर एकशे वीस किलो शिल्लक.”

त्याने चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. जीप गॅरेजमध्येच राहिली, वीस फुटी घरी आली.

पहिल्या फेरीचा दिवस रविवार ठरला. खाण रविवारी अर्धा दिवस चालते, म्हणून मी जाणार नव्हतो. सकाळी नऊला ते मला दाखवायला फाटकाशी थांबले. पुढे घरची निळी गाडी, मागे पांढरीशुभ्र बोट. बोटीत सामानाच्या पिशव्या, बर्फाचा डबा, नारिंगी लाइफ जॅकेटं. जावई आणि लेक पुढे, ही एकटी मागच्या सीटवर, डोक्यावर नवी टोपी.

गाडी मागून बसली होती. बऱ्यापैकी बसली होती. मागच्या चाकांवर पत्रा टेकायला आला होता आणि पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघत होते. मी ते बघितलं. असं बसलेलं वाहन मी रोज बघतो, आणि ड्रायव्हरला खाली उतरवून झापतो. त्या दिवशी मी काय केलं? खिडकीतून हिच्याकडे वाकून म्हणालो, “तू मागे बसलीस ना, म्हणून गाडी बसली. पुढच्या खेपेला तुला काट्यावरून घालून पाठवतो.”

जावई हसला. लेकही हसली. ही म्हणाली, “जा, कामं करा आपली,” आणि काच वर केली.

“फोन बंद करून कप्प्यात ठेवा, जावईबापू. चालवताना फोन नाही,” मी बजावलं. त्याने माझ्यासमोर फोन बंद केला.

पाऊण तासाने एक मिशाळ ड्रायव्हर माझ्या खिडकीशी भांडायला उभा राहिला. खडीने भरलेला ट्रक मागे घुरघुरत होता. नदीवरच्या जुन्या पुलावर त्याच आठवड्यात वजनाची पाटी लागली होती आणि तिथल्या पहारेकऱ्याने त्याला परत पाठवलं होतं.

“साहेब, ही चिठ्ठी तिथे चालत नाही. मोठा आकडा गोल करून द्या.”

“वजन खाली लिहिलंय की.”

“खाली खडी लिहिलीय! पूल काय नुसती खडी उचलतो? माझी गाडी कोण उचलणार, माझा सासरा?”

मला हसू आलं. मी लाल पेन उचललं, त्याच्या चिठ्ठीवरच्या वरच्या ओळीकडे नेलं, आणि पेन तिथेच थांबलं.

मी खाली बसून खण उघडला. आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत राहते. गठ्ठ्यातून मी बोटीची प्रत शोधायला लागलो. सापडली. वरची ओळ एकोणीसशे. मधली पाचशे वीस. खालची तेराशे ऐंशी, लाल गोलात.

काटा बरोबर होता. तिन्ही ओळी बरोबर होत्या. मी बोटीला खडी समजून मोजलं होतं आणि ट्रेलर वजा करून टाकला होता. तोच ट्रेलर, जो धरायचाच म्हणून मी चारचौघांत भाषण दिलं होतं. एकोणीसशे, त्यावर टाकीभर पेट्रोल, बर्फ, पिशव्या. दीड हजाराच्या गाडीमागे दोन हजारांच्या वर. आणि तलाव डोंगरापलीकडे होता. चढण गाडी कण्हत का होईना चढेल. पण पलीकडे सात किलोमीटरचा उतार आहे, वळणावळणाचा. उतारावर मागचं वजन ओढलं जात नाही, ते ढकलतं. ब्रेक तापतात, मग नरम पडतात, मग पायाखाली काहीच उरत नाही.

जावयाचा फोन बंद, माझ्याच हुकमाने. हिचा फोन घरी चार्जिंगला लावलेला. लेकीचा लागेना, डोंगर लागला की पुढे फोनला रेंज मिळत नाही. मी लिहून पाठवलं, ‘उतरू नका. वरच थांबा.’ त्यापुढे एकच टिक आली. मी ती टिक दुप्पट व्हायची वाट बघत उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. मिशाळ म्हणाला, “साहेब, बरं नाही का?” तेव्हा मी प्रत खिशात घातली, केबिन तशीच उघडी टाकली आणि स्कूटर काढली.

ते वर पोचल्यावर चहाला थांबणार होते. एवढीच आशा. चढणीवर मी स्कूटरचा जीव काढला. मनात हिशेब चालला होता. बोट मागे असल्यावर ते हळू गेले असतील. हिला चहा गरम लागतो, फुंकून फुंकून पिते, वीस मिनिटं लावते. लेक फोटो काढेल. काढ बाई, शंभर काढ. नास्तिक नाही मी, पण रोज देवाला त्रास देणाऱ्यांतलाही नाही. त्या दिवशी मी प्रत्येक वळणावर नवस बोललो.

माथ्यावरच्या चहाच्या टपरीसमोर गाडी नव्हती. 

“निळी गाडी, मागे बोट?” मी ओरडूनच विचारलं.

“आत्ता गेले की. दहा मिनिटं झाली असतील,” टपरीवाली म्हणाली. “बोट छान होती.”

उतार लागला. पहिली तीन वळणं काही नव्हतं. चौथ्यावर वास आला. जळक्या ब्रेकचा वास मी झोपेतही ओळखेन, काट्याच्या रांगेत रोज एकातरी ट्रकाला तो येतो. एरवी मी नाक मुरडून खिडकी लावतो. त्या दिवशी तो वास छातीत भरला आणि तिथेच बसला. सहाव्या वळणावर रस्त्यावर काळे पट्टे दिसले, दोन सरळ आणि दोन तिरपे. सातव्यावर एका झुडपाला नारिंगी लाइफ जॅकेट लटकलं होतं. मी स्कूटर थांबवली नाही. थांबवली असती तर पुन्हा सुरू करायचं धैर्य झालं नसतं. उजव्या हाताला दरी होती आणि कडेचे दगडी खांब एकामागून एक जात होते. मी ते मोजत होतो. एका जागी खांब नव्हता, नुसता खड्डा होता. तिथून खाली बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. मला जमलंच नाही.

पुढच्या वळणापलीकडे गाडी होती, रस्त्यावर. तोंड उलटं, चढाकडे. उजवं अंग डोंगराच्या बाजूच्या गटारात रुतलेलं. ट्रेलर तिच्यामागे वाकडा होऊन उताराच्या बाजूला आडवा आला होता आणि बोट त्यावर कलंडून उभी होती, मागचं टोक दरीकडे करून.

तिघंही बाहेर होते. तिघंही. मी पुन्हा मोजले. ही रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, उजवा हात ओल्या टॉवेलात गुंडाळलेला. लेक तिच्याशेजारी उभी. जावई रस्त्यावर उकिडवा बसला होता, डोकं दोन्ही हातांत. माझा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

“बाबा!” लेक धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मग तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “याला सांगत होते, हळू चालव, हळू चालव. आईचं मनगट सुजलंय बघा. तुम्ही एक एक किलो मोजून दिला होतात, आणि याला साधी गाडी आवरता आली नाही!”

“बरोबर आहे तिचं,” जावई मान वर न करता म्हणाला. “चूक माझीच आहे, बाबा. वजन मर्यादेत होतं. मलाच चालवता येत नाही.”

प्रत माझ्या वरच्या खिशात होती. मी ती काढायला हात खिशापर्यंत नेला. सगळे जिवंत होते. गाडीचं काय, गाड्या दुरुस्त होतात. मी गप्प राहिलो तर कोणाला कळणार होतं? जावयाची चिठ्ठी त्याच्या पाकिटात घडी होऊन पडली होती, ती उघडून वरची ओळ वाचायची बुद्धी आता कोणाला होणार? मला लाज वाटली नाही. वाटली ती निव्वळ भीती. आख्ख्या उतारावर वाटली नव्हती इतकी. लेक माझ्याकडे आता जशी बघत होती तशी पुन्हा कधी बघणार नाही, याची. मी हात खाली घेतला आणि हिचं मनगट बघायला लागलो. तिने हात मागे घेतला.

खालून येणाऱ्या एका बसवाल्याने निरोप दिला होता, म्हणून तासाभराने क्रेनवाला आला. माणूस कमी बोलणारा होता. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि तार सोडायला घेतली.

“वजन किती?” त्याने विचारलं. “ही तार दीड टनापर्यंत. जास्त असेल तर मोठी गाडी मागवावी लागेल.”

“तेराशे ऐंशी,” जावई उठून म्हणाला. “ट्रेलरसकट. आमच्या बाबांनी काट्यावर मोजलंय.”

“मग चालेल. एकाने मागे उभं राहा. मी ओढेन तसा चाकामागे दगड सरकवत राहायचा, नाहीतर मागे घसरेल.”

जावयाने दोन्ही हातांनी एक दगड उचलला आणि तो ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे दोन हात रस्ता होता. त्यापुढे दरी.

क्रेनवाल्याने तारेचा आकडा ट्रेलरला अडकवला. तार ताणली गेली आणि बारीक कुरकुरली.

“थांबा!” हा आवाज माझाच होता, पण मला अनोळखी वाटला. “थांबा. बाजूला या, जावईबापू. आधी बाजूला या!”

तो आला. हातात दगड तसाच होता.

“एकोणीसशे,” मी म्हटलं. “वर पेट्रोल आणि सामान. दोन हजार शंभर धरा.”

क्रेनवाल्याने लगेच तार सैल केली. त्याने काही विचारलं नाही, मोठी गाडी मागवायला तो फोन लागेल अशी जागा शोधत वर चढावर चालत गेला. उरलो आम्ही चौघं. मी प्रत काढून लेकीच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. रिकामा ट्रेलर, खडी, लाल गोल. फार वेळ लागला नाही सांगायला. ती तीन ओळी वाचत राहिली. तिला वाचायला मात्र वेळ लागला.

जावयाने दगड हळूच खाली ठेवला. “बाबा, सकाळी गाडी मागून बसली होती.”

“हो.”

“तुम्ही बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं.”

“मग तुम्ही आईंच्या वजनावर हसलात.” त्याने तळहातांवरची माती झटकली. “मीही हसलो.”

मी हिच्याकडे वळलो. तिची नवी टोपी कुठेतरी पडली होती. ती रस्त्याकडे बघत बोलत होती, शांतपणे, जसं घरी कुलूप लावलंय का विचारते तसं.

“मला खरंच वाटलं, अहो. गाडी आवरेना, हा ब्रेकवर उभा राहिला तरी थांबेना. मला वाटलं, हे म्हणाले ते खरं होतं, माझ्याच वजनाने होतंय. मी उतरले असते तर ही दोघं वाचली असती, असं वाटलं.”

“काहीतरीच काय,” मी म्हटलं.

“काहीतरीच नाही, बाबा,” लेक म्हणाली. चिठ्ठी तिच्या मुठीत चुरगळली होती. “आईचा हात आपटून नाही सुजला. तिने चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. मी मागे वळून तिचं मनगट पिळून तिला आत ओढलं.”